मदत हवी आहे : डाळमिलच्या गच्चीवर सोलर बसवावं की तूर वाळवावी?

राम राम मंडळी. लातूरला आमची छोटी डाळमिल आहे. पुण्याच्या एका खरेदीदाराने यंदा फॉर्म पाठवलाय: वीज किती, कोळसा किती, कमी कधी करणार? गिऱ्हाईक मोठं आहे, उत्तर तर द्यावंच लागेल.

सोलरवाला ६० किलोवॅट घ्या म्हणतोय. दिवसाला सरासरी २४० युनिट धरा, जागा अंदाजे ६००० चौरस फूट. अडचण इथंच आहे. साल सुटावी म्हणून तेल-पाणी दिलेली तूर आम्ही त्याच गच्चीवर पसरतो. उन्हाचं वाळवण फुकट पडतं. ते बंद केलं तर सगळा माल ड्रायरवर जाणार, आणि ड्रायरची भट्टी कोळशावर! म्हणजे वीज वाचवायची अन् कोळसा वाढवायचा. शेडचे पत्रे जुने आहेत, पॅनलचं वजन पेलतील असं वाटत नाही. शिवाय मिल चालू असली की भुसा सगळीकडे बसतो. सकाळी झाडलेली मोटारसायकल दुपारी पिवळी होते, मग पॅनलचं काय होईल?

कोळशाऐवजी ब्रिकेट (शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) वापरून बघावं असंही डोक्यात आहे. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार आपल्याकडं भरपूर. पण पावसाळ्यात ब्रिकेट ओल धरून फुटतात म्हणे.

कुणी गच्चीवर उंच स्ट्रक्चर करून खाली वाळवण चालू ठेवलंय का? सावलीत तूर वाळायला किती दिवस जास्त लागतात? अन् ब्रिकेटसाठी भट्टीची जाळी बदलावी लागली का? मिल चालवणाऱ्यांनीच सांगा, विकणाऱ्यांचे फोन रोज येतातच.