डॉक्टर म्हणतात लाइफस्टाइल बदला, पण नक्की कोणाची?

सांजवात_७:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सॉरी. नवरा दगड कापायच्या वर्कशॉपमध्ये आहे, किचन आणि बाथरूमचे स्लॅब कापून, कडा घासून, पॉलिश करून देतात. आठ वर्षं झाली. संध्याकाळी घरी येतो तेव्हा भुवया पांढऱ्या, कानामागे पांढरं, मी चिडवायचे की म्हातारा झालास. कपडे बाल्कनीत झटकून भिजवते तरी बादलीच्या तळाला पांढरा गाळ बसतो, बोटांनी खरवडून काढावा लागतो. आता दोनेक महिने त्याला कोरडा खोकला आहे आणि जिना चढताना मोबाइल बघायच्या निमित्ताने मध्येच थांबतो, मला काय कळत नाही का. डॉक्टरांनी पहिलं विचारलं सिगारेट ओढता का. नाही ओढत. मग ॲलर्जी असेल म्हणाले, व्यायाम करा, वजन उतरवा. काम काय करता हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

माझं वेगळंच. फोनवर कस्टमर सपोर्ट, नऊ तास खुर्चीत, उठायचं तर सिस्टिमवर ब्रेक टाकायचा आणि तो सेकंदात मोजला जातो. शुगर बॉर्डरला आलीय, रोज चाला म्हणाले. कधी चालू?

दोघांच्याही फाइलवर लाइफस्टाइल लिहिलंय. ही आमची लाइफस्टाइल आहे की कामाची? आणि करायचं तरी काय?

हेल्मेटवाला:
ताई, बारा वर्षं सेफ्टीत काढलीत म्हणून जरा स्पष्टच लिहितो, रागावू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना, नाहीतर थेट छातीच्या डॉक्टरांना, हे शब्द सांगा: दगड कापतो, आठ वर्षं, रोज किती तास, कोरडं की पाण्याखाली. हे कळल्याशिवाय तो खोकला त्यांना नुसता खोकलाच दिसणार. सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिका नावाच्या खनिजाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा आजार, तो आहे असं मी म्हणत नाहीये, पण तपासायला हवं, आणि सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो म्हणून फुप्फुसांची फुंकायची टेस्ट, लागलं तर सीटी, याबद्दल विचारा.

भुवयांवर दिसते ती जाडी धूळ, ती बरीचशी नाकात अडकते. खरी वाईट ती जी दिसतच नाही, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक, ती थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि तिथे व्रण करत राहते. काम सोडलं तरी ते थांबेलच असं नाही. दगड कुठला हेही विचारा. मार्बलमध्ये सिलिका अगदी थोडी, ग्रॅनाइटमध्ये बरीच, आणि क्वार्ट्झच्या नावाने मिळतो त्या कारखान्यात बनवलेल्या दगडात ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या बनवलेल्या दगडावर बंदीच घातली, कारण तरुण पोरं खराब फुप्फुसं घेऊन दवाखान्यात यायला लागली होती.

आणि कपडे झटकणं आजपासून बंद. ती धूळ तुम्ही स्वतः खाताय. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या बायकांना नुसते नवऱ्याचे कपडे धुऊन कॅन्सर झालेत, कित्येक वर्षांनी, ही १९६० च्या दशकापासून नोंदलेली गोष्ट आहे. त्याने कामावरच कपडे बदलावेत, पिशवीत बांधून आणावेत, तुम्ही पिशवीतून थेट पाण्यात सोडा. सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेने अंग झटकतात का? जवळपास सगळीकडे झटकतात. ते तर कापण्याइतकंच वाईट.

आळशी_शनिवार:
दादांनी धुळीचं सांगितलंय तर मी खुर्चीचं सांगते. लंडनच्या डबलडेकर बसवर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने अभ्यास केला होता, १९५३ ला छापून आला. ड्रायव्हर आणि कंडक्टर, एकच बस, साधारण एकाच वर्गातली माणसं, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढायचा. हार्टचा त्रास कंडक्टरांना बराच कमी निघाला. यात कोणीही व्यायाम ठरवून करत नव्हतं हो! कामच तसं होतं. तेव्हा तुमच्या ब्रेकची सेकंद मोजणारा जो कोणी आहे ना, तुमच्या शुगरचा निम्मा डॉक्टर तोच आहे.

खवट_म्हातारा:
थांबा थांबा. त्याच मॉरिसने पुढे युनिफॉर्मच्या पँटींची मापं काढली, तेव्हा ड्रायव्हरांची कंबर नोकरीला लागतानाच मोठी होती असं दिसलं. म्हणजे जाडी माणसंच ड्रायव्हर झाली असतील की. सगळं कामावर आणि कंपनीवर ढकलायची फॅशन आलीय. आमचे वडील पाकिटावरचं वाचून, हसून, सिगारेट पेटवायचे. त्यांना काय कंपनीने हात धरून लावली? थोडी स्वतःची जबाबदारी असते की नाही?

आळशी_शनिवार:
काका, पँटींचा मुद्दा बरोबर आहे, मी अर्धंच सांगितलं. पण कंबर धरून हिशोब केला तरी फरक पूर्ण पुसला गेला नाही, सडपातळ ड्रायव्हरांनाही कंडक्टरांपेक्षा जास्त त्रास होता.

शिसपेन्सिल:
काकांचं वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, माझेही तसेच गेले. पण पाकिटावर इशारा यायच्या आधी काय झालं ते बघा. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध १९५० लाच डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी दाखवला होता. त्यानंतर १९६९ मधला एका तंबाखू कंपनीचा आतला कागद आहे, त्यात सरळ लिहिलंय की शंका हाच आमचा माल. लोकांच्या डोक्यात 'अजून नक्की नाही म्हणे' एवढं टिकवलं की झालं, वीस वर्षं मिळतात. तुमचे वडील हसले, ते हसू कुठून आलं असेल?

आणि पेट्रोलमधल्या शिशाला तर कोणाची जबाबदारी लावणार? १९२० च्या दशकात इंजिनाची खटखट थांबवायला घातलं, १९२४ ला ते बनवणारे कामगारच भ्रमिष्ट होऊन मेले, तरी विकणं चालूच राहिलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लहान मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास शिसं होतं, आता एकाच्याही खाली. आयांनी हात जास्त धुवायला लावले म्हणून नाही, पेट्रोलमधून आणि बाकी ठिकाणांहून शिसं काढलं म्हणून. शिशाचं पेट्रोल बंद करणारा शेवटचा देश अल्जीरिया, २०२१.

मिठाचंही तेच. ब्रिटनमध्ये कंपन्यांना पॅकबंद खाण्यातलं मीठ हळूहळू कमी करायला लावलं, २००१ ते २०११ मध्ये माणशी रोजचं मीठ साडेनऊ ग्रॅमवरून ८.१ वर आलं. जिभेला पत्ता नाही, कोणी डाएट केलं नाही. मला हेच आवडतं, ज्याच्या हातात मशीन आहे त्याने एकदा स्क्रू फिरवला की लाखो लोकांना रोज मनोनिग्रह करावा लागत नाही.

खवट_म्हातारा:
मिठाचं पटलं. बाकीवर नंतर भांडू.

सांजवात_७:
सगळ्यांचे आभार, काल नवऱ्याला हे वाचून दाखवलं. कॉम्प्रेसरने झटकतात, हो, एकमेकांच्या पाठीवर मारतात, रोजची मस्करी आहे ती. दगड बहुतेक क्वार्ट्झच. आणि मजा म्हणजे कटरला पाण्याची नळी आधीपासून आहे! पण पाणी सोडलं की जमीन निसरडी होते, जायला जागा नाही, एकदा एकजण स्लॅबसकट घसरला तेव्हापासून मालकाने बंद केली आणि सगळ्यांना मास्क वाटले. वर सांगतात मागच्या वर्षीच्या चेकअपमध्ये एकालाही काही निघालं नाही, मग घाबरता कशाला. छातीच्या डॉक्टरांची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय.

हेल्मेटवाला:
चेकअपमध्ये कोण होतं ते विचारा. जे आजारी पडले ते आधीच काम सोडून घरी बसले असतील, तर उरलेल्यांची तपासणी छानच येणार. या आकड्यांनी भलेभले फसतात.

मास्क हा शेवटचा उपाय, पहिला नाही. तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, नवऱ्याला दाढी असेल तर कडेने सगळं आत जातं, आणि आठ तास उकाड्यात कोणीच नीट लावून बसत नाही, मीसुद्धा बसायचो नाही. आधी पाणी, मग कापतो तिथूनच धूळ ओढणारा एक्झॉस्ट, मग मास्क.

पाण्याचं मालकाला असं सांगा की नळी बंद करू नका, उतार काढा. कटरखाली ट्रे आणि एक नाली, दोन दिवसांचं काम आहे. पायाखाली रबरी मॅट. ओल्या कामाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, लावलंय का हे मात्र आधी बघा, पाणी आणि करंट एकत्र म्हणजे दुसरंच संकट. आणि खाली साचलेला चिखल वाळू द्यायचा नाही, ओला असतानाच भरायचा, वाळला की परत तीच धूळ आणि झाडूने ती सगळ्यांच्या नाकात.

सांजवात_७:
दाढी आहे. आज उतरवतोय म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदाच.