आजीचं वय नक्की किती? (अनुभव धागा)

आमची आजी गेली. वय काय लिहायचं यावर घरात वाद. काका म्हणे पंचाण्णव, आत्या म्हणे शंभरीला टेकली होती. आधार कार्डावर १ जानेवारी, म्हणजे तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. तिला विचारलं की सांगायची, "पुरात तुझा बाप कडेवर होता. मांड हिशोब."

पूर म्हणजे पानशेतचा, १२ जुलै १९६१. आमच्या घरात सगळं एकतर पुराआधीचं, नाहीतर पुरानंतरचं. वाडा पुण्यात, शनवार पेठेत, नदीजवळ. पाणी ओसरलं तेव्हा माजघरात गाळ आणि नळ कोरडे, कारण खडकवासल्याचं धरणही फुटलेलं. आडाच्या पाण्यावर दिवस काढले. त्या गाळात एक परकी पितळी घागर मिळाली, गळ्याशी नाव घातलेली. आजी कितीतरी वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला त्या नावाच्या बाईची चौकशी करायची. मालकीण मिळाली नाही. घागर घरात आहे, पण आजीने ती वापरली नाही आणि कुणाला वापरूही दिली नाही.

तुमच्याकडे आजी-पणजीचं वय कशावरून धरायचे? सांगा, त्यांच्याबद्दलही लिहा.

---

आमी बीडकडचे. आमची माय सगळं बहात्तरच्या दुष्काळावरून सांगायची. "दुष्काळात माझी दाढ पडली व्हती," घ्या आता, काढा वय! पाझर तलावाच्या कामावर तिने माती वाहिली, खडी फोडली. लेकरांना सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो, म्हंजे परदेशातून आलेली ज्वारी. मिलोचं नाव काढलं की शेवटपर्यंत तोंड वाकडं करायची. पण खडीच्या ढिगाकडं नुसतं बघून किती ब्रास ते सांगायची. आमच्या घराच्या बांधकामाला ट्रकवाल्याने माल कमी टाकला, तो तिनेच पकडला. इंजिनियर नातू शेजारी उभा होता. (तो मीच.)

---

लालबाग. आजीची खानावळ होती, गिरणीतले गडी जेवायला. पहिलं बँकेचं कर्ज तिला अन्नपूर्णा महिला मंडळामुळे मिळालं. ही संस्था प्रेमा पुरव यांनी १९७५ साली काढली. त्याआधी सावकार, आणि त्याचं व्याज तिला शेवटपर्यंत तोंडपाठ. १८ जानेवारी १९८२ ला संप लागला. गडी महिन्याचे पैसे देईनात, ही ताट बंद करीना. आजोबा चिडायचे, तर म्हणायची, "तुमी पण संपावरच हाय की, तुमाला वाढते ना?" पुढे काही जण गावी गेले आणि भात निघाल्यावर तांदळाची गोणी घेऊन उधारी फेडायला आले. काही आलेच नाहीत. आजी त्यांनाही नावाने आठवायची, शिव्या देत.

---

आमच्याकडे गोव्यात उलटं. आजीच्या जन्माची नोंद झालेली, पोर्तुगीजमध्ये, तारखेसकट. तो दाखला ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली कमरेला, आणि वय सांगताना हिशोबाने कमी. शेवटी मामाने ट्रंक उघडून तारीख मोठ्याने वाचली. आजीने नोंद लिहिणाऱ्या कारकुनाचा निकाल लावला: "पियेल्लो आसतलो तो!"