सोसायटीचं स्कॅन केलेलं दप्तर डिस्कवर ठेवायचं आहे: रायटर कोणता, डिस्क कोणत्या?

नेरूळ_सचिव

नमस्कार. नेरूळमधल्या आमच्या सोसायटीचं जुनं दप्तर स्कॅन करून झालं आहे. त्यात सिडकोचं लीज डीड, मंजूर नकाशे, सभांची इतिवृत्तं, आय आणि जे नमुन्यातल्या सभासदांच्या नोंदवह्या, ऑडिट रिपोर्ट असं सगळं आहे. विंडोजमध्ये एकूण १४० जीबी दिसतात. एक प्रत हार्ड डिस्कवर आहे, एक क्लाउडवर. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, म्हणून कोणी चुकूनही पुसू किंवा बदलू शकणार नाही अशी तिसरी प्रत हवी आहे. डीव्हीडी घ्याव्यात की ब्लू-रे? खूप वर्षं टिकतात असा दावा असलेल्या एम-डिस्कचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ आहे का? रायटर, म्हणजे डिस्क लिहिणारा ड्राइव्ह, कोणता घ्यावा? आणि पावसाळ्यात या डिस्क ठेवायच्या कशा?

चकती_नौपाडा

आधी डिस्कचं बघू, कारण टिकाऊपणा मुख्यतः तिथेच ठरतो.

साध्या डीव्हीडीवर सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेझरने तो रंग जाळून खुणा उमटतात. उष्णता, दमटपणा आणि ऊन लागलं की न जाळलेला रंगही हळूहळू बदलतो, आणि मग खूण कुठली आणि कोरी जागा कुठली हे ड्राइव्हला ओळखता येत नाही. शिवाय विंडोजच्या हिशेबाने एका डीव्हीडीत ४.३७ जीबीच मावतात, म्हणजे तुम्हाला एका संचालाच तीसच्या वर डिस्क लागतील. डीव्हीडी सोडून द्या.

२५ जीबीची एका थराची बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क, घ्या. ही विंडोजमध्ये २३.३ जीबी दिसते. यात दोन प्रकार असतात. नेहमीच्या एचटीएल डिस्कमध्ये थर असेंद्रिय असतो, धातूंच्या मिश्रणाचा वगैरे. एलटीएच प्रकारात मात्र पुन्हा डीव्हीडीसारखा सेंद्रिय रंग असतो. पाकिटावर बारीक अक्षरात ‘एलटीएच टाइप’ असं छापलेलं असतं, ते दिसलं की डिस्क परत ठेवा. त्या स्वस्त असतात, पण अशा कामाच्या नाहीत.

एम-डिस्कबद्दल माझं मत: डीव्हीडीत एम-डिस्क घेतली तर फरक मोठा पडतो, कारण तिचा थर असेंद्रिय असतो आणि एकदाच लिहायच्या बाकीच्या डीव्हीडी जवळपास सगळ्या सेंद्रिय रंगाच्या. ब्लू-रेमध्ये चांगली एचटीएल डिस्क मुळातच असेंद्रिय थराची असते, त्यामुळे किमतीत जेवढा फरक असतो तेवढा टिकण्यात मिळत नाही. त्या पैशांत दुसरा संच करा.

पाकिटावरच्या ब्रँडवर मात्र विसंबू नका. एकच ब्रँड वेगवेगळ्या कारखान्यांचा माल विकतो. कोरी डिस्क ड्राइव्हमध्ये घालून इमगबर्न हे डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर उघडा, उजवीकडे डिस्क आयडी (डिस्क कोणी बनवली त्याचा कोड) दिसतो. व्हर्बॅटिमच्या चांगल्या बीडी-आरवर तो ‘व्हर्बॅट’ने सुरू होतो. ‘सीएमसीमॅग’ किंवा ‘रायटेक’ आला तर तो त्या कारखान्याचा सर्वसाधारण माल. आधी एक छोटं पाकीट आणून तपासा, मगच बाकीचं घ्या. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं, पॅनासॉनिक त्याआधीच बाहेर पडली होती. पर्याय कमी होत चालले आहेत, तेव्हा फार रेंगाळू नका.

दोन संच दोन वेगळ्या आयडींच्या डिस्कवर करा. एखादा लॉट खराब निघाला तर दोन्ही प्रती एकदम जाणार नाहीत.

पनवेल_हार्डवेअर

रायटरचं सांगतो. डेस्कटॉपमध्ये सव्वापाच इंची जागा असेल तर पूर्ण आकाराचा साटा (आतून मदरबोर्डला जोडायचा) ड्राइव्ह घ्या: एलजी डब्ल्यूएच१६एनएस४० किंवा आसुस बीडब्ल्यू-१६डी१एचटी. बारीक पोर्टेबल ड्राइव्हपेक्षा यात डिस्क स्थिर फिरते आणि ड्राइव्हला वीज थेट पीसीच्या पॉवर सप्लायमधून मिळते. कॅबिनेटमध्ये जागा नसेल तर हाच ड्राइव्ह बाहेर ठेवून साटा-यूएसबी अडॅप्टरने जोडता येतो, पण तो अडॅप्टर १२ व्होल्टची वेगळी वीज देणारा हवा. अडीच इंची हार्ड डिस्कसाठी मिळणारी नुसती यूएसबी वायर चालणार नाही. मोटरला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून ५ च येतात.

पोर्टेबलच हवा असेल तर एलजीचा बीपी५०एनबी४० चालेल. तो मागच्या यूएसबी पोर्टला लावा, पुढच्या पोर्टला किंवा हबला नको. लिहिताना लेझर जास्त वीज ओढतो, व्होल्टेज पडतं आणि डिस्क अर्ध्यात वाया जाते. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ आली की आधी वायर आणि पोर्ट बदलून बघा.

लॅमिंग्टन रोडवर घ्या, वाशीत घ्या किंवा ऑनलाइन, एक फसगत सगळीकडे होते. ‘ब्लू-रे कॉम्बो’ ड्राइव्ह ब्लू-रे नुसती वाचतो, लिहितो फक्त सीडी आणि डीव्हीडी. ट्रेवर ‘बीडी-आरई’ किंवा ‘बीडीएक्सएल रायटर’ असं लिहिलेलं असेल तरच घ्या. बिननावाच्या स्वस्त यूएसबी खोक्यात बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपमधला काढलेला ड्राइव्ह असतो, त्याच्या लेझरचं किती आयुष्य उरलंय हे कळायला मार्ग नाही.

नेरूळ_सचिव

खूप आभार. ऑफिसचा पीसी जुना आहे, पण कॅबिनेटमध्ये जागा आहे, त्यामुळे साटा ड्राइव्ह घेतो. फाइली सरळ ड्रॅग करून टाकल्या तर चालतील ना?

चकती_नौपाडा

नको. विंडोज ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे’ असा पर्याय देतं, तो अशा प्रतीसाठी अजिबात वापरू नका. त्यात डिस्क बंद होत नाही, तुकड्यातुकड्याने लिहिली जाते आणि पुढे दुसऱ्या यंत्रात उघडेलच असं नाही.

रीत अशी. १४० जीबीचे प्रत्येकी १९ जीबीपर्यंत आठ भाग करा, शक्यतो वर्षांप्रमाणे. प्रत्येक भागातल्या फाइलींची एसएचए-२५६ यादी (फाइल जराही बदलली तर कळेल अशा कोडची) काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. इमगबर्नमध्ये यूडीएफ २.५० ही फाइल सिस्टिम निवडून आधी आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवा. ती डीव्हीडिझास्टर या डिस्क-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आरएस०३ पद्धतीने दुरुस्तीचा डेटा जोडा. डिस्कवर उरलेले चारेक जीबी त्यासाठीच मोकळे ठेवायचे. पुढे डिस्कचा काही भाग वाचता आला नाही तरी ठरावीक मर्यादेपर्यंत तो या डेटातून पुन्हा तयार होतो. हे काम वेळ खातं, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचं हेच आहे. बीडी-आर लिहिताना स्पेअर एरिया (खराब सेक्टरांसाठी राखीव जागा) ठेवू नका, नाहीतर जागा कमी होऊन इमेज मावत नाही.

लिहिण्याचा वेग ४एक्स (मूळ वेगाच्या चौपट) ठेवा. एका डिस्कला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात. सर्वांत कमी वेग म्हणजे सर्वांत चांगलं, हे खरं नाही. डिस्क ज्या वेगासाठी बनलेली असते त्याच्या फार खाली गेलं तरी चुका वाढू शकतात. पीसी यूपीएसवर असू द्या, त्या वेळात दुसरं जड काम चालवू नका. लिहून झालं की ‘व्हेरिफाय’ करा, आणि दुसऱ्या कोणाच्या ड्राइव्हमध्ये नेऊन एसएचए यादी पुन्हा जुळवा. ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याला स्वतःचं अक्षर बहुतेक वेळा वाचता येतं.

कोपरी_अभिलेख

साठवणुकीबद्दल. जुलैमध्ये आपल्याकडे हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांवर जातो, आणि डिस्कसाठी तो ५० च्या खाली असलेला बरा. प्रत्येक डिस्क वेगळ्या कडक केसमध्ये उभी ठेवा. कागदी पाकिटं ओल धरतात. मऊ पीव्हीसीचे कप्पे वर्षानुवर्षं दाबून राहिले की डिस्कला चिकटतात. सगळ्या केस रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात घाला आणि नारिंगी सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलला की ती ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वाळवून परत वापरता येते. डबा गच्चीच्या स्लॅबखालच्या माळ्यावर नको, तिथे एप्रिल-मेमध्ये फार तापतं. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातही नको.

डिस्कवर स्टिकर चिकटवू नका, तोल जातो. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने नुसता क्रमांक लिहा आणि कोणत्या क्रमांकात काय आहे ती यादी कागदावर छापून डब्यात ठेवा. ब्लू-रेचा डेटा खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणून बोट लागलं तर मायक्रोफायबरच्या फडक्याने केंद्राकडून कडेकडे पुसा, गोल फिरवून नाही. एसीच्या खोलीतून काढलेली गार डिस्क लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, तिच्यावर बाष्प धरतं. तासभर केसमध्येच राहू द्या.

दुसरा संच वेगळ्या इमारतीत हवा, खजिनदारांकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. दर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, दोन्ही संचांच्या सगळ्या डिस्क डीव्हीडिझास्टरने पूर्ण वाचून घ्या. न वाचता येणारे सेक्टर दिसू लागले की त्याच आठवड्यात दुरुस्त इमेज काढून नवी डिस्क लिहा. आणि या कामासाठी आणखी एक ब्लू-रे ड्राइव्ह आत्ताच घेऊन बाजूला ठेवा. एलजीने २०२४ मध्ये ब्लू-रे प्लेअर बंद केले, त्यामुळे ड्राइव्ह आणखी किती वर्षं सहज मिळतील यावर मी तरी विसंबणार नाही.