ज्युदो: पहिल्याच फेरीत इप्पॉन बसून मुलगी बाद झाली, तिला सावरायचं कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लेक अकरावीत आहे, ज्युदो खेळते, ४८ किलोच्या गटात. जिल्ह्यात पहिली येते, पण राज्य स्पर्धेला गेलं की सुरुवातीच्या फेऱ्यांतच बाहेर. यंदाही तेच झालं. चार मिनिटांची लढत, हिची अर्ध्या मिनिटात आटोपली. समोरच्या मुलीने बाही धरली, कॉलर धरली, आत शिरली आणि ही पाठीवर. पंचांचा हात सरळ वर, म्हणजे इप्पॉन: पूर्ण गुण, लढत तिथेच संपली.

हरण्याचं आमच्या घरी कौतुक नाही की सुतकही नाही, आजेसासऱ्यांपासून सगळे तालमीतले. पण झुंजून हरणं निराळं. कबड्डीत एक चढाई फसली तर दुसरी मिळते, इथे एकदा पाठ टेकली की खेळ खलास. ‘मी खेळलेच नाही, तर हरले कशी?’ असं ती विचारते आणि मला काही सुचत नाही.

त्यातून बाद झालेल्या मुलींना संध्याकाळपर्यंत हॉलमध्येच बसावं लागतं, कारण परतीची गाडी सगळ्यांची एकच. रेपेचाजची, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीची आशा होती, पण जिने हिला पाडलं तीच पुढे हरली, मग तेही गेलं. उरलेला दिवस मैत्रिणींच्या लढतींना टाळ्या वाजवत काढला.

घरी येऊन रडली नाही. ज्युदोगी (खेळाचा पोशाख) धुतला, वाळवला, घडी घालून ठेवला. क्लासला जाते, उकेमी (नीट पडण्याचा सराव) करते, उचिकोमी (डाव टाकण्याचा पुन्हा पुन्हा सराव) करते. रांदोरीची, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीची वेळ झाली की मात्र बोटांना चिकटपट्टी गुंडाळत बसते, नाहीतर लहान मुलींनाच जोडीला घेते. ‘पडल्याबिगर पैलवान होत नाही’ असं आजोबा परवा म्हणाले, तर ताटावरून उठून गेली. तशीही स्पर्धेआधी वजनासाठी आठवडाभर अर्ध्या भाकरीवर असते, त्यात आता हे.

‘सकारात्मक राहा’ सांगून झालंय, त्याने ती जास्त चिडते. खेळलेल्या किंवा शिकवणाऱ्या कुणी सांगाल का, अशा वेळी काय बोलावं आणि काय बोलूच नये?

प्रतिसाद – जुना_पट्टा

ताई, मी पोरांना ज्युदो शिकवतो. अर्ध्या मिनिटात हरणं ही नवशिक्यांचीच गत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपली तूलिका मान २८ सेकंदांत बाद झाली. समोर क्यूबाची इदालिस ओर्तिझ होती, चार ऑलिंपिक पदकं घेतलेली. त्याच पॅरिसला टोकियो ऑलिंपिकची सुवर्णविजेती, जपानची उता आबे दुसऱ्या फेरीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाकडून इप्पॉनने हरली आणि मॅटशेजारी अक्षरशः हंबरडा फोडून रडली. दियोराने पुढे सुवर्ण घेतलं. उता २०२५मध्ये पुन्हा जगज्जेती झाली. लेकीला ही नावं सांगा, पण धडा म्हणून नको. व्हिडिओ लावून द्या आणि गप्प बसा.

‘मी खेळलेच नाही’ हे ती बरोबरच बोलते आहे. इतक्या झटपट गेलेल्या लढती बहुतेक पकडीत जातात. दुसरीने आधी बाही-कॉलर घेतली, हिला हात लावायलाच मिळाला नाही. म्हणजे ज्युदो येत नाही असं नाही, पहिली दहा सेकंदं येत नाहीत. सरांना म्हणावं, रांदोरी नेहमीसारखी सुरू करू नका. समोरचीला पूर्ण पकड आधीच देऊन टाका आणि हिला त्यातून सुटायला लावा. पडली तरी चालेल, गुण मोजायचे नाहीत. अंध खेळाडूंच्या ज्युदोत लढत सुरूच एकमेकांना पकडून होते. आपला कपिल परमार पॅरालिंपिकमध्ये उपांत्य लढत इप्पॉनने हरला आणि त्याच दिवशी कांस्याची लढत इप्पॉनने जिंकला. ऑलिंपिक-पॅरालिंपिक धरून ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक. मधल्या वेळात त्याच्याशी कोण काय बोललं ठाऊक नाही, पण कुणी भाषण ठोकलं नसणार!

लढतीचा व्हिडिओ असेल तर आठवडाभर दाखवू नका. नंतर दाखवाल तेव्हा पडतानाचा भाग सोडून द्या, पहिला हात कुणाचा लागला तेवढंच बघा.

प्रतिसाद – आडवाटेने

सगळे मनाबद्दल बोलताय, मला ती अर्धी भाकरी खटकली. तिचं एरवीचं वजन किती? वाढत्या वयात आठवडाभर उपाशी ठेवून, पाणी तोडून मॅटवर उतरवलं तर पाय उचलणारच नाहीत. नंतरची चिडचिडही अर्धी त्या उपासाचीच असू शकते. मी स्वतः असं वजन तोडून खेळायचो. लढतीपेक्षा वजनकाट्यानंतरचं केळं जास्त आठवतं. आधी डॉक्टरांना दाखवा, पाळीच्या तारखाही विचारून घ्या. आणि आजोबांना थोडे दिवस सांभाळा!

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एरवी साडेएक्कावन्न भरते. ४८मध्ये पदकाची शक्यता जास्त म्हणून क्लासमध्ये तोच गट ठरला होता. काल तिला नुसतं विचारलं, ५२मध्ये खेळशील का? पहिला प्रश्न आला, ‘म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवता येईल?’ डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सरांशी शनिवारी बोलते.

जुना_पट्टा, एक शंका. ५२च्या मुली हिच्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच आहेत, वरून मानेमागची कॉलर धरतात. बुटक्या मुलीने तिथे आधी बाही धरायची की कॉलर?