मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' : आवाज इतका मऊ, मग राग कुठेय?

रात्रीचा_श्रोता
सोल म्युझिक, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांचं भावपूर्ण संगीत, मी आत्ताच ऐकायला लागलोय. रोलिंग स्टोन मासिकाच्या २०२० च्या ५०० सर्वोत्तम अल्बमच्या यादीत मार्विन गेचा हा अल्बम पहिला, म्हणून काल हेडफोन लावून सलग ऐकला. विषय आधी वाचले होते, व्हिएतनाम, ड्रग्ज, गरिबी, प्रदूषण, त्यामुळे वाटलेलं की काहीतरी पेटलेलं असणार, पण हा माणूस इतक्या मायेने गातो, मागे व्हायोलिन्स, आणि एक गाणं कधी संपलं दुसरं कधी लागलं काही कळतच नाही. पहिली सहा तर मला एकच गाणं वाटली. आवडलं, खूपच आवडलं, पण याला निषेध का म्हणतात? माझ्या कानातून काही निसटतंय का?

बेसची_तार
निसटत काही नाहीये, ती सहा गाणी जोडलीच आहेत तशी. ती रेकॉर्डची पहिली बाजू आहे, एका दमात ऐकायची. आता एक कर, फक्त पहिलं गाणं घे आणि शब्द सोडून दे. सुरुवातीला चारदोन माणसं एकमेकांना भेटल्यासारखी बोलतायत ना, त्यात डेट्रॉइट लायन्स संघाचे दोन अमेरिकन फुटबॉल खेळाडू आहेत, मेल फार आणि लेम बार्नी, मार्विनचे दोस्त. त्यावर जो सॅक्सोफोन येतो तो इलाय फाँटेनने नुसता हात मोकळा करायला वाजवला होता, मार्विन म्हणाला झालं, हेच हवं होतं. मग आवाज ऐक. दोन मार्विन गातायत. एकाच गाण्याचे दोन वेगळे टेक, म्हणजे दोनदा केलेली रेकॉर्डिंग्ज होती, त्यातला कुठला ठेवायचा हे ठरवायला इंजिनिअर ऐकवत होता आणि चुकून दोन्ही एकदम लागले, मार्विनला ते इतकं भावलं की तसंच ठेवलं आणि पुढे अल्बमभर वापरलं. एक आवाज सांगतोय आणि दुसरा त्याची समजूत घालतोय असं मला दर वेळी वाटतं. आणि खाली जेम्स जेमर्सनचा बेस, तो त्या रात्री इतका प्यायला होता की जमिनीवर पडून वाजवला असं सांगतात, पण एक सूर इकडचा तिकडे नाही. मोटाउनने, म्हणजे मार्विनच्या रेकॉर्ड कंपनीने, या वादकांची नावं कव्हरवर पहिल्यांदा छापली ती याच अल्बमवर, इतकी वर्षं एवढी हिट गाणी वाजवून. मला ही गोष्ट फार लागते.

जुन्या_तबकड्या
तुमच्या मूळ प्रश्नावर येते. राग आहे, पण तो कुणाकडून आला ते बघा. मे १९६९ मध्ये फोर टॉप्स या गायकांच्या ग्रुपचा ओबी बेन्सन दौऱ्यावर असताना कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पोलिसांना पोरांवर तुटून पडताना पाहतो आणि त्याच्या डोक्यात प्रश्न येतो की हे चाललंय काय. त्याने गीतकार अल क्लीव्हलंडबरोबर गाणं केलं, त्याच्याच ग्रुपने नको म्हटलं, निषेधाचं गाणं नको. मग ते मार्विनकडे आलं. मार्विनचा भाऊ फ्रँकी व्हिएतनामहून परतलेला, त्याने तिथे पाहिलेलं सगळं याला सांगितलेलं. त्यात मार्च १९७० मध्ये त्याची सहगायिका टॅमी टेरेल ब्रेन ट्यूमरने गेली, फक्त २४ वर्षांची. म्हणजे बाहेरचा कुणी येऊन भाषण देत नाहीये, घरात दुःख झालेला माणूस बोलतोय, आणि घरात आपण ओरडत नाही हो. गाण्यात आधी आईला हाक आहे, मग भावाला, मग वडिलांना.
आणि नावाचं सांगते. त्यापुढे प्रश्नचिन्ह नाहीये. आपण रस्त्यात कुणी भेटलं की "काय चाललंय" म्हणतो, आणि काही भयंकर बघितलं तरी तेच शब्द येतात. तिथेही अगदी तसंच आहे, म्हणून तर सुरुवातीला ती भेटणारी माणसं आहेत.

टोनआर्म
सगळं कबूल, पण दुसऱ्या बाजूचं 'राइट ऑन' साडेसात मिनिटं चालतं आणि मला तिथे सैल वाटतं. 'मर्सी मर्सी मी' मात्र अंगावर येतं. माशांमधला पारा, समुद्रातलं तेल, हे १९७१ मध्ये, आणि चाल अशी की पटकन गुणगुणावं. शेवटी सूर एकदम काळवंडतात तिथे आवाज वाढवून ऐका. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी या सगळ्याच्या विरोधात होता, पहिलं गाणं बाहेर आल्याशिवाय मी दुसरं काही रेकॉर्ड करणार नाही म्हणून मार्विन अडून बसला, जानेवारीत ते आलं, अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, मग मार्चमध्ये थोड्याच दिवसांत बाकीचा अल्बम उरकला आणि मे मध्ये बाजारात.

रात्रीचा_श्रोता
ताई, ते "काय चाललंय" वाचलं आणि लगेच परत लावला. आई भाऊ वडील या क्रमाकडे माझं लक्षच नव्हतं. त्याच वडिलांनी १९८४ मध्ये त्याला गोळी घातली हे माहीत होतं, त्यामुळे ती तिसरी हाक आता ऐकवत नाही.
एक विचारायचं राहिलं, शेवटचं गाणं 'इनर सिटी ब्लूज' संपता संपता पहिल्या गाण्याची ओळ परत येते का, की मलाच भास झाला?

जुन्या_तबकड्या
भास नाही. चंद्रावर यान पाठवायला पैसा आहे, गरिबाला नाही, हे म्हणून झाल्यावर तो परत आईलाच हाक मारतो, आणि तिथेच आवाज विरत जातो.