उन्हाळ्यातलं वीजबिल : तुमच्या घरचे अनुभव लिहा

पिंपळपान
कपाट आवरताना बाबांची जुनी वही हाती लागली. दर रविवारी सकाळचं मीटरचं रीडिंग, पुढे आठवड्याचे युनिट आणि कधी कधी एखादाच शब्द. "पाहुणे." "इस्त्री." "परीक्षा." उन्हाळ्याच्या पानांवर आकडे फुगलेले, आणि समासात शिसपेन्सिलीने लिहिलेलं, "दुपारचे की रात्रीचे?" बाबा स्टुलावर चढून आकडे वाचायचे, मी खाली वही धरून उभी. शेवटचा लाल आकडा सोडून द्यायचा असतो, हे तेव्हा शिकले.

यंदा मी तीच पद्धत परत सुरू केली. घरात ओरडा होतो तो दिव्यांवरून, "बाथरूमचा लाइट कोणी चालू ठेवला?" पण आकडे बघितले तर उन्हाळ्यात जे वाढतं ते जवळजवळ सगळं गार करण्यापायी. म्हणजे ऊन घरात शिरू न देणं हीच पहिली बचत. आमची बेडरूमची खिडकी पश्चिमेला. आतून जाड पडदा होताच, पण काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा तापतो आणि ती सगळी उष्णता खोलीतच राहते. म्हणून या वर्षी खिडकीच्या बाहेरून शेडची जाळी लावून घेतली. वर छज्जा आहे, पण संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवत नाही. समोरून उभी आडोशाची जाळीच हवी. आता रात्री झोपायला जाते तेव्हा पलंगामागची भिंत हाताला कोमट लागते, आधी चटका बसायचा. एसी लावायची वेळच बरीच पुढे गेली आहे.

तुम्हीही लिहा. नुसत्या टिपा नकोत, घरात काय घडलं ते लिहा.

दुपारवारा
छान धागा. फोनवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.
आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री दहानंतर ती ऊब खाली सोडतो, त्यामुळे पंखा लावला की वरून गरम वारा. गच्चीला पांढरा परावर्तक रंग मारून घेतला. भर दुपारी अनवाणी उभं राहता आलं, तिथेच कळलं काम झालं. एकच सांगतो, धूळ बसली की रंगाचा गुण कमी होतो. झाडून, अधूनमधून धुवून घ्यायला हवी गच्ची.

खारुताई
फ्रिज!!! फ्रिजबद्दल कोणीच नाही लिहिलं अजून. घरातलं हे एकच यंत्र बारा महिने चोवीस तास चालू असतं.
कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करायचं आणि पट्टी ओढायची. अलगद सुटून आली तर रबर सैल पडलंय. आमच्याकडे खालच्या कोपऱ्यातून सुटत होती. रबर बदललं आणि मोटरचा घरघराट मधेमधे थांबायला लागला. त्याआधी तो थांबायचा असतो हेच आम्ही विसरलो होतो!
मागे भिंतीपासून जागा सोडा. फ्रीझरमध्ये अर्धा सेंटिमीटरच्या वर बर्फ साचला की वितळवून टाका. आत ३ ते ५ अंश पुरे. कुकर झाला, येते परत.

घडीव
पिंपळपान, वडिलांची वही वाचून फार बरं वाटलं. त्यांच्या त्या "दुपारचे की रात्रीचे" प्रश्नाला आता घरबसल्या उत्तर मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरात एक आकडा असतो, बहुतेकदा ३२०० किंवा १६००. दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि लुकलुक मोजा. त्याला ६० ने गुणा, मीटरवरच्या आकड्याने भागा. आलं ते किलोवॅट. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा म्हणजे त्या क्षणी घरात ३०० वॅट चालू आहेत.

आता खरी गंमत. रात्री फ्रिजचा प्लग दहा मिनिटं काढा, सगळे दिवे पंखे बंद करा, आणि मीटरपाशी जा. दिवा पूर्ण शांत हवा. आमच्याकडे तरी मिनिटाला दोनदा लुकलुकत होता. हिशेब केला तर साडेसदतीस वॅट, म्हणजे महिन्याला २७ युनिट, कोणीही काहीही वापरत नसताना! एकेक प्लग काढत गेलो. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, जुना म्युझिक सिस्टिम, कॉम्प्युटरचा यूपीएस आणि राउटर. राउटर ठेवला, बाकी एका स्विचच्या बोर्डावर घेतलं आणि झोपताना तो एक स्विच बंद. ही उधळपट्टी जगभर मोजली गेली आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच सुचवलं होतं की बंद अवस्थेत कुठल्याही उपकरणाने एक वॅटच्या वर वीज घेऊ नये. नवी उपकरणं बरीच सुधारलीत, जुनी मात्र तशीच.

अबोली
सेट टॉप बॉक्स!! आमची मनी कायम त्यावरच झोपते, हिवाळ्यात तर उठतच नाही. म्हणजे तो आतून गरम असतो, म्हणजे वीज खातो. मांजरीला आधीच माहीत होतं 😀

पिंपळपान
अबोली 😀 😀 मनीला मीटर तपासणीस नेमा.
घडीव, आत्ता जिन्यात जाऊन बघून आले. आमच्या मीटरवर १६०० लिहिलंय. इस्त्री लावल्यावर दिवा नुसता धावत सुटला. शेजारच्या काकू विचारत होत्या काय बघतेस, त्याही मोजायला थांबल्या.

जुनाजाणता
मोबाइलचे चार्जर बोर्डावर लावून ठेवायचे नाहीत, हे मी घरात सगळ्यांना बजावलंय. थेंबे थेंबे.

घडीव
काका, चार्जरची सवय चांगलीच आहे, पण आता चांगला चार्जर फोन नसताना पाव वॅटसुद्धा घेत नाही. वर्षभर लावून ठेवला तरी दोन युनिटच्या आतबाहेर. तेवढी वीज एसी दीड तासात घेऊ शकतो. म्हणून घरच्यांवर रागवायचंच तर एसी चालू असताना दार उघडं टाकण्यावरून रागवा.

जुनाजाणता
पटलं. दाराचं मात्र मी रोज सांगतो, आता आकड्यानिशी सांगेन.
पंख्यांबद्दल लिहितो. जुने ठोकळ्यासारखे रेग्युलेटर असायचे, त्यात पंखा हळू केला तरी उरलेली वीज त्या ठोकळ्यातच तापून जायची. हात लावला की कळायचं. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने तो प्रश्न सुटला. गेल्या वर्षी हॉलमध्ये आणि मुलांच्या खोलीत बीएलडीसी पंखे (ब्रशलेस डीसी मोटरचे, कमी वीज घेणारे) घेतले. जुना पंखा साधारण ७५ वॅट, हा पूर्ण वेगात ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीवरही दुप्पट वेळ टिकतो, हे वरचं सुख.

रातवा
सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय. थोडं वेगळं लिहायचं होतं.
सासरे ऐंशीच्या पुढचे. आयुष्यभर काटकसरीत काढलेलं. आम्ही दोघं कामावर गेलो की दुपारी एकटेच असतात, आणि पंखासुद्धा बंद करून बसायचे, "मला नाही लागत" म्हणून. मागच्या उन्हाळ्यात घरी आले तर सोफ्यावर पडलेले, डोळे जड, बोलणं अडखळत. अंग तापलेलं. ओले कपडे गुंडाळून लगेच दवाखान्यात नेलं, वेळेवर पोचलो म्हणून निभावलं. म्हातारपणी तहान आणि उकाडा दोन्ही नीट जाणवत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.
तेव्हापासून त्यांच्या खोलीचं बिल हिशेबात धरायचंच नाही असं ठरवलंय. बाकी सगळीकडे वाचवतो ते तिथे खर्च व्हावं म्हणून. त्यांना तसंच सांगितलं, "बाबा, हे तुमच्या वाटणीचे युनिट आहेत, वापरायलाच हवेत." आता लावतात.

खारुताई
रातवा, काळजात चर्र झालं. किती छान समजावलंत त्यांना. काळजी घ्या, आता कसे आहेत?

दुपारवारा
+१. रातवा, एक जोडतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्याच्या भरवशावर राहू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंखा खोली गार करत नाही, तो घाम वाळवून अंग गार करतो. हवाच अंगापेक्षा गरम असेल तर तो उलट ऊब अंगावर आणतो. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसत राहणं किंवा गार खोलीत बसवणं, हेच.

रातवा
ठणठणीत आहेत, आत्ता मॅच बघतायत. धन्यवाद सगळ्यांना 🙏

निवांत
एसीवाले कुठे गेले? आमच्याकडे नवरा १८ वाला, मी २७ वाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, बाकी सगळ्यात तडजोड झाली, रिमोटवर नाही.
शेवटी २६ आणि वर छताचा पंखा मंद, यावर तह झालाय. पंख्याचा वारा अंगावर असला की एसी दोनेक अंश वर ठेवूनही तितकंच गार वाटतं. आणि १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त एसी थांबायचं नाव घेत नाही. हे नवऱ्याला मेकॅनिकने सांगितलं तेव्हा पटलं. मी सांगत होते तेव्हा नाही.
फिल्टर मात्र तोच धुतो, दर पंधरवड्याला, न चुकता. धुळीने बंद झालेला फिल्टर स्वच्छ केला की एसीची ५ ते १५ टक्के वीज वाचते. आणि बाहेरच्या युनिटसमोर कुंड्या, सामान रचू नका, त्याला गरम वारा फेकायला मोकळी जागा लागते.

तळटीप
अवांतर: एसी माणसांसाठी जन्मालाच आला नव्हता! १९०२ मध्ये विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी ती यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जुळायचे नाहीत. त्याला हवेतला दमटपणा काबूत आणायचा होता. म्हणूनच एसीच्या नळीतून पाणी टपकतं. दमट दिवसात त्याची बरीच ताकद त्या पाण्यावरच जाते.

अबोली
हे माहीत नव्हतं. पण मग आमच्या कूलरचं काय? कोरड्या उन्हाळ्यात मस्त चालतो, ढग आले की नुसतं चिकचिक.

तळटीप
कूलरचं काम उलटं. तो पाणी हवेत सोडूनच गार करतो. हवा आधीच ओली असेल तर पाणी सुकणार कसं? समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. आणि एसीच्या खोलीत कूलर लावू नका, दोघे एकमेकांचं काम बिघडवतात. कोरड्या हवेत मात्र कूलरसारखी स्वस्त गोष्ट नाही, पंखा आणि छोटा पंप, दोनेकशे वॅटमध्ये भागतं.

मी_नवीन
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. आमचं मीटर कुलूपबंद जिन्यात आहे. रीडिंग घ्यायला आले तेव्हा दार बंद, मग सरासरीने बिल. पुढच्या महिन्यात सगळे युनिट एकदम, आणि रक्कम बघून आई रडवेली झाली. तक्रारीला उत्तर आलं, पण फार उशिरा. कोणाला असा अनुभव आहे का?

जुनाजाणता
अगदी. ठरलेल्या दिवशी स्वतः मीटरचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. बिलावर रीडिंग प्रत्यक्ष आहे की सरासरी ते छापलेलं असतं, ते आधी बघा. थकलेले युनिट एकदम आले तर ते किती महिन्यांचे आहेत त्याप्रमाणे टप्पे विभागून मागा. नाहीतर सगळे वरच्या दरात जातात.

खारुताई
टप्प्यांवरून आठवलं, बऱ्याच ठिकाणी टप्पा ओलांडला की फक्त पुढच्याच युनिटांना जास्त दर लागतो, सगळ्यांना नाही. पण काही ठिकाणी सगळ्यांनाच लागतो. बिलाच्या मागची बाजू वाचा, तिथे लिहिलेलं असतं. आम्हाला हे कळल्यापासून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इस्त्रीचा ढीग बाजूला पडतो आणि मुलं खूश, चुरगळलेले कपडे चालतात म्हणून.

मी_नवीन
धन्यवाद काका, धन्यवाद ताई. आईला वाचून दाखवलं. फोटो आजपासूनच.

निवांत
गीझर राहिलाच. उन्हाळ्यात आमच्याकडे त्याचा एमसीबीच (बोर्डावरचा सुरक्षा स्विच) खाली, म्हणजे बंद. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सहाशे वॅटचं काहीतरी तासभर चालवल्याइतकी वीज लागते. टाकीचं पाणी या दिवसात असंच कोमट येतं. वॉशिंग मशीनलाही गरम पाण्याचा प्रोग्रॅम नको, तिथली बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते.

दुपारवारा
दिव्यांना सगळे कमी लेखतायत, म्हणून त्यांची बाजू. जुना ६० वॅटचा बल्ब नव्वद टक्के वीज नुसती उष्णता करून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात दुहेरी भुर्दंड. एलईडी तेवढाच उजेड ८-९ वॅटमध्ये देतो. निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या मते अगदी योग्य माणसांना.

रातवा
जुनाजाणता, बीएलडीसी पंख्याचं विचारायचं होतं. सासऱ्यांच्या खोलीत लावायचाय, पण तो रिमोटवर चालतो ना? रिमोट हरवला तर? त्यांना तो सांभाळणं जमणार नाही.

जुनाजाणता
चालू-बंद भिंतीवरच्या बटणानेच होतो. काही मॉडेलात बटण पटकन बंद-चालू केलं की वेगही बदलतो, घेताना दुकानात करून दाखवायला सांगा. आणि रेग्युलेटरवर चालणारे बीएलडीसीही मिळतात, त्यांच्यासाठी तेच घ्या. रिमोटवाला घेतलात तर मात्र जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून टाका, त्या पंख्याला सरळ वीज लागते.

रातवा
रेग्युलेटरवालाच घेते मग. शनिवारी वायरमन येणारच आहे.