मदत हवी आहे: नौपाड्यात फुटपाथच्या खांबांमधून व्हीलचेअर जात नाही

नमस्कार मंडळी. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. कळव्याहून रिक्षाने ठाण्यात नौपाड्यापर्यंत काही अडत नाही. पण सेंटरची गल्ली एकेरी, त्यात दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या. रिक्षावाला नाक्यावरच सोडतो. तिथून दोनशे पावलं.

जाताना आई माझा हात धरून चालते. खरी पंचाईत परतताना. चार तास मशीनवर काढल्यावर बीपी उतरलेलं असतं, उभं राहिलं की गरगरतं, आणि फिस्चुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हाताला धरून सावरताही येत नाही. म्हणून व्हीलचेअर घेतली.

तर फुटपाथच्या तोंडाशीच लोखंडी खांब. बाइकवाल्यांना अडवायला ठोकलेत, तेही मान्य. परवा शिवणाची टेप लावून पाहिली: दोन खांबांमध्ये ५७ सेंटिमीटर, आमची खुर्ची ६४. बाइकवाले मात्र हँडल तिरकं करून बिनधास्त घुसतात! मग खुर्ची रस्त्यावर उतरवायची. सरळ उतरवली तर आई पुढे घसरते, म्हणून मी आधी उतरून खुर्ची उलटी ओढतो. तेव्हा रस्ता माझ्या पाठीमागे. काय येतंय ते हॉर्न वाजल्यावरच कळतं.

कार्यालयात तोंडी सांगून झालं. अलीकडचे म्हणाले पलीकडे विचारा, पलीकडच्यांनी परत अलीकडे पाठवलं. लेखी अर्जात नेमकं काय मागू? आणि रुग्ण उतरवायला गल्लीत पाच मिनिटं रिक्षा थांबेल अशी जागा कुणी मिळवलीय का?

प्रतिसाद: दादा, 'खांब काढा' लिहू नका, लगेच नाही म्हणतील. 'एका जोडीत १.२ मीटर अंतर ठेवा आणि तिथेच १:१२ चा उतार (१ उंचीला १२ लांबी) द्या' असं लिहा. थोड्या बाइक घुसतील, घुसू देत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ चा (पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं) हवाला द्या: चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, कर्बची (फुटपाथच्या कडेची) उंची १५० मिलिमीटरच्या आत. सोबत दिव्यांग हक्क कायदा, २०१६. आकडा वाचता येईल असा टेपचा फोटो जोडा आणि आवक शिक्क्याची प्रत सोडू नका. महिन्याभरात हललं नाही तर माहिती अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. त्यात 'का केलं नाही' विचारू नका. 'माझ्या अर्जावरच्या शेऱ्यांची प्रत द्या' एवढंच मागा.

धागाकर्ता: आभार ताई. शिवणाच्या टेपवरचे आकडे पुसट आलेत, उद्या सुताराची स्टीलची टेप मागून नेतो. रिक्षा थांबायच्या जागेचं कुणाला ठाऊक असेल तर लिहा.